थिंकपॅडची चिप वाचण्याआधी

पहिल्यांदा कागद. लॅपटॉपचं बिल हाताशी ठेवा. सेकंडहँड असेल तर विकणाऱ्याकडून दोन ओळी सहीनिशी लिहून घ्या. सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंग्जचं मुख्य कुलूप) लागलेलं मशीन बिनकागदाचं आलं, तर स्क्रूलाही हात लावू नका.

मग चिप नक्की करा. टी४०, टी४२ काळातल्या आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपांत ॲटमेलची २४आरएफ०८ ही ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी चिप, आहे. एवढीशी, एक किलोबाइटची, पण सिरियल नंबर आणि पासवर्ड तिच्यातच असतो. टीपीएम, म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप, वेगळी; तिच्यातल्या किल्ल्या क्लिप लावून बाहेर येत नाहीत, तो नाद सोडा. भिंगाखाली अक्षरं नीट वाचा. नाव जवळपास सारखं दिसतं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये २४सी०८ निवडू नका. आरएफवाल्या चिपला वायरलेसची बाजू आणि मेमरीच्या पानांना वेगळं संरक्षण आहे, म्हणून याच चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम घ्या.

सामानासाठी नागपुरात सीताबर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीकडे चक्कर टाका. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, पातळ वायर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मल्टीमीटर. मल्टीमीटरवर कंजुषी नको. सीएच३४१ए चा काळा प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यूएसबी यंत्र) स्वस्त मिळतो, पण त्यातले बरेचसे पुरवठा ३.३ व्होल्टचा देतात आणि डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात. जोडण्याआधी स्वतः मोजा. जुना सिरियल पोर्टवाला सर्किट वापरणार असाल, तर पीसीला खरा नऊ पिनांचा पोर्ट हवा. यूएसबी कन्व्हर्टरवर टायमिंग बिघडतं.

'नुसतं वाचायचंय, काय होणार?' असं म्हणणाऱ्यांसाठी: लिनक्सच्या एलएम-सेन्सर्स या तापमान वगैरे वाचणाऱ्या प्रोग्रामने बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर, कोण कोण आहे एवढंच चाचपलं, आणि काही थिंकपॅडांतली हीच चिप खराब होऊन मशीन सुरूच होईनात. पुढे त्या प्रोग्रामने आयबीएमची मशीन ओळखून थांबणंच पसंत केलं. म्हणून बसवर सरसकट स्कॅन चालवू नका.

मुख्य बॅटरी, चार्जर आणि सीमॉस सेल (बोर्डावरचा छोटा गोल सेल) काढून ठेवा. वाचणारा लॅपटॉप बॅटरीवर चालवा, लाइन केव्हा जाईल नेम नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत मनगटाला स्टॅटिकचा पट्टा हवाच, आणि मे महिन्यात कूलरच्या तोंडासमोर बसू नका, तुषार बोर्डावर येतात.

दोनदा वाचा, दोन्ही फायली जुळवून पाहा. जुळल्या नाहीत तर सोल्डरचे टाके तपासा. फाइलमध्ये प्रत्येक बाइट एफएफ (म्हणजे रिकामा) आला तर बहुतेक वायर सुटलेली असते. जुळलेल्या फाइलला मॉडेलचं नाव द्या, पेनड्राइव्हवर एक प्रत टाका आणि त्याआधी चिपवर एक बाइटही लिहू नका.