क्रूझ बुक करताय? आधी डेक-प्लॅन (बोटीच्या मजल्यांचा नकाशा) मागा
कोल्हापुरातून मुंबईला जाऊन लक्षद्वीपची क्रूझ धरणाऱ्यांना दोन गोष्टींची धास्ती असते: बोट लागणं आणि बोट चुकणं.

१. केबिन खालच्या डेकवर, बोटीच्या मधोमध घ्या. तिथं हेलकावे सर्वांत कमी बसतात. एसटीत मागच्या सीटवर आदळतं, तसंच बोटीच्या टोकांना. वर आणि खाली केबिनच आहेत ना, हेही प्लॅनवर बघाच. डोक्यावर डान्स फ्लोअर आला की झोपेचं खोबरं.

२. महालक्ष्मी एक्सप्रेसनं आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. हॉटेल फोर्टमध्ये घ्या, सीएसएमटी आणि बॅलार्ड पिअर दोन्ही जवळ पडतात. परतताना रात्रीची गाडी धरली तर हॉटेलचा खर्च वाचतो.

‘गॅरंटी केबिन’ स्वस्त असते, पण जागा कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्यांनी ती घेऊ नये.