वादळाआधी ऑनिंगची आगोट

कोकणात आमच्या घरी मे महिना लागला की आगोट सुरू व्हायची, लाकडं पडवीत घ्यायची, घर शाकारायचं, पावसाच्या बाजूला झाप बांधायचे, आणि हे सगळं कडक उन्हात चालायचं कारण पाऊस आल्यावर वर चढून कोण बांधणार. आता आम्ही इंग्लंडात राहतो आणि शाळेच्या सुट्टीत कॅरावान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन वेल्सला पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर जातो, तर मी तशीच आगोट ऑनिंगची करते, म्हणजे कॅरावानच्या बाजूला जोडायच्या तंबूसारख्या मांडवाची. ऑगस्ट म्हणजे इथला उन्हाळा, तेव्हा कसलं वादळ येतंय असं नवीन लोकांना वाटतं. पण मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, आयर्लंडच्या खात्याबरोबर २०१५ पासून वादळांना नावं देतंय ना, त्यात ऑगस्टमधली बघा, २०२० ला एलन आणि पाठोपाठ फ्रान्सिस, २०२३ ला अँटोनी आणि बेटी, २०२४ ला लिलियन. सगळी ऐन सुट्टीत, कॅम्पिंगच्या साइट्स फुल असताना.

तर घरातनं निघायच्या आधीचं आधी सांगते. ऑनिंग एकदा अंगणात नाहीतर बागेत पूर्ण उघडून बघा, शिवणी बघा, सगळ्या चेन शेवटपर्यंत लागतात का बघा, आणि कॅरावानच्या रेलमधे जी गोल कड सरकते ती कुठे फाटली असेल तर तिथूनच पुढे उसवत जातं म्हणून आधी शिवून घ्या. हवेच्या बीमवाली ऑनिंग असेल, म्हणजे पोलऐवजी हवा भरायच्या नळ्या असलेली, तर फुगवून एक रात्र तशीच ठेवा, सकाळी मऊ पडली तर कुठेतरी गळतंय. सोबत येणारे तारेसारखे बारीक पेग, म्हणजे दोरी बांधायला जमिनीत ठोकायच्या खुंट्या, आहेत ना, ते घरीच ठेवले तरी चालतील. जाड स्टीलचे लांब पेग घ्या, खडीच्या पिचसाठी (पिच म्हणजे साइटवर आपल्याला मिळालेली जागा) रॉक पेग वेगळे घ्या, वजनदार हातोडी, पेग उपटायचा हूक, डोक्याला लावायची बॅटरी, फाटलेलं चिकटवायची टेप, जास्तीच्या दोऱ्या, आणि स्टॉर्म स्ट्रॅप, म्हणजे तो रुंद पट्टा जो छतावरून टाकून दोन्ही पुढच्या कोपऱ्यांना जमिनीत पक्का करतात. पट्ट्याला स्प्रिंग असलेलाच घ्या, कारण वाऱ्याचा झोत आला की धक्का स्प्रिंग खाते, नाहीतर तो सगळा पेगवर जातो. इन्शुरन्सचे कागद पण एकदा वाचून घ्या, कॅरावानच्या पॉलिसीत ऑनिंग आहे की वेगळी धरलीये, आणि तुम्ही नसताना उभी ठेवलेली ऑनिंग उडाली तर काय.

पिचवर पोचल्यावर लगेच लावायला घेऊ नका, पाच मिनिटं नुसतं उभं राहून वारा कुठनं येतोय ते बघा. त्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा नैऋत्येकडनं येतो, थेट समुद्रावरनं. कुंपणाची झुडुपं आडोसा देतात ते चांगलं, पण मोठ्या झाडाच्या फांदीखाली जागा घेऊ नका आणि खोलगट कोपऱ्यात पण नको, तिथे पाणी साचतं. सगळे दरवाजे चेन लावून बंद करा आणि मगच पेग ठोका, म्हणजे माप बरोबर बसतं, उघडे ठेवून ठोकले तर नंतर चेन लागत नाही. आणि पेग सरळ ठोकू नका!! डोकं ऑनिंगपासून लांब, टोक आत ऑनिंगकडे, असा साधारण ४५ अंशात तिरका, दोरी आणि पेग यांच्यात काटकोन झाला पाहिजे, तरच जमीन त्याला धरून ठेवते. दोरी शिवणीच्या रेषेतच ओढा, बाजूला ओढलीत तर शिवण उसवते. जमीन पावसाने मऊ झाली असेल तर एका पेगवर भरवसा नको, दोन ठोका. खालची पट्टी आणि कॅरावानच्या पोटाखालचा पडदा पण लावा, तो लोक नेहमी सोडतात आणि वारा तिथूनच आत शिरतो, मग ऑनिंग आतून फुगून वर उचलली जाते.

मोटरहोमला, म्हणजे घर आणि गाडी एकच असते तिला, गुंडाळायची छत्रीसारखी ऑनिंग असते तिचा नियम एकच, झोपताना आणि बाहेर जाताना आत. पाऊस असेल तर एक पाय खाली करून उतार द्या, नाहीतर पाण्याचं पोतं तयार होतं आणि ऑनिंगचा हात वाकतो.

मग रोज संध्याकाळी चारला, चहाच्या वेळी, अंदाज बघायचा, आणि त्यात नुसता वारा नाही, झोत किती ते बघायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे ताशी २० मैलांना जी ऑनिंग शांत उभी होती तिच्यावर ४० मैलांना चौपट ओढ. आमच्या घरचा नियम असा आहे की झोत ३० च्या आसपास असतील तर स्ट्रॅप आणि सगळ्या दोऱ्या, ४० दिसले की उतरवायची, वाद नाही. तुमच्या ऑनिंगच्या कागदात कंपनीने काय लिहिलंय ते बघून तुमचा आकडा ठरवा. फोनला रेंज नसेल तर झाडं बघा, छत्री धरवत नसेल तर २५ च्या वर गेलंय आणि पूर्ण झाडं डोलायला लागली तर ३० पार झालंय.

उतरवायची तर उजेडात, आणि हे मी फार कळकळीने सांगतेय. एका वर्षी आम्ही जेवण झाल्यावर बघू म्हणालो आणि रात्री अकराला दोघं त्या पोलला लटकून उभे, पाऊस तोंडावर, मुलगी आतून रडतीये, शेवटी पोल कॅरावानच्या खिडकीवर आपटला आणि कापड मधोमध फाटलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून चारला ठरवायचं म्हणजे ठरवायचं. तीन माणसं असली तर सोपं जातं, दोघं पोल धरतात आणि एक जण वाऱ्याच्या बाजूचे पेग सगळ्यात शेवटी काढतो. हवेची ऑनिंग असेल आणि उशीर झालाच तर आतलं टेबल-खुर्च्या काढा, हवा सोडा आणि पेग न काढता तशीच आडवी पडू द्या, वर पाण्याचे भरलेले कॅन ठेवा. आणि दुपारच्या उन्हात बीम टणक लागतात पण रात्री गार झालं की हवा आकसते, मग ते मऊ पडतात, तर उभी ठेवणार असाल तर झोपायच्या आधी दाबून बघा. नायलॉनच्या दोऱ्या पण भिजल्या की ढिल्या होतात, परत ताणायला लागतात.

आता शेजारी. स्वतःचं आवरलं की दिवस मावळायच्या आत दोन्ही बाजूंना एक चक्कर मारा, हे माझ्या यादीत स्ट्रॅपच्या बरोबरीने आहे. अँटोनीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ४ ऑगस्टला, मेट ऑफिसची वॉर्निंग आलेली होती आणि आमच्या समोर एक जोडपं होतं, रेडिंगहून आलेलं, पहिलंच कॅम्पिंग, मराठी ऐकू आलं म्हणून मी गेले. तंबू छान होता पण एकही दोरी लावलेली नाही, सगळ्या गुंडाळून कोपऱ्यात. मी विचारलं तर ती म्हणाली, "ताई, पिल्लू सारखं अडकून पडत होतं हो त्यात, म्हणून काढून टाकल्या." बरोबरच आहे की, दोन वर्षांचं मूल. मग जुना पांढरा नॅपकिन फाडून प्रत्येक दोरीला पट्टी बांधली, म्हणजे त्याला पण दिसते आणि रात्री आपल्याला पण. पेग त्यांचे सरळ ठोकलेले, मी एक बोटाने उचलून दाखवला, तो अख्खा वर आला, मग आमचा एक तिरका ठोकून तिच्या नवऱ्याच्या हातात दोरी दिली आणि म्हटलं ओढून बघ. त्याने पूर्ण वजन टाकलं तरी हलेना. पुढचे सगळे त्याने स्वतः ठोकले.

पण न विचारता कोणाच्या दोरीला हात लावू नका, लोकांना अपमान वाटतो. आमच्याकडे जास्तीचे पेग आहेत, हवेत का, एवढं विचारलं की पुरतं. आणि अंदाज खरंच वाईट असेल तर तंबूवाल्यांना स्पष्ट सांगा की ह्यात राहू नका, गाडीत झोपा, नाहीतर साइटच्या वॉर्डनशी, म्हणजे साइट सांभाळणाऱ्याशी, बोला. ते दोघं शेवटी तंबू पाडून बाळाला घेऊन आमच्या कॅरावानमधे झोपले, सकाळी साइटवर तीन ऑनिंग कुंपणात अडकलेल्या होत्या.

अजून एक गोष्ट तंबूवाल्यांना मुद्दाम सांगा. पावसात लोक बार्बेक्यू ऑनिंगच्या आत घेतात, नाहीतर विझत आलेला म्हणून उबेला तंबूत ठेवतात. कधीच नाही. कोळसा विझल्यासारखा दिसला तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेत जातो. अलार्म छोटासा असतो, तो कॅरावानमधे हवाच.

वादळाच्या रात्री बूट, रेनकोट, गाडीची किल्ली आणि बॅटरी दाराशी ठेवा, फोन चार्ज करून ठेवा, साइटचा पत्ता कागदावर लिहून ठेवा कारण ९९९ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावल्यावर गावाचं वेल्श नाव घाईत सांगता येत नाही. बाहेर विंडब्रेक, खेळणी, घड्या घालायच्या खुर्च्या काही ठेवू नका. कोणाची ऑनिंग उडाली तरी तिच्या मागे अंधारात धावू नका.

घरी आल्यावर ओली ऑनिंग एक-दोन दिवसांत पसरून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. समुद्रावरनं आलात तर गोड्या पाण्याने धुवा, चेनमधे मीठ-वाळू बसते. वाकडे झालेले पेग बाजूला काढा, राहिलेले मोजा, आणि पिशवी परत भरताना आठ जास्तीचे टाका, समोरच्या पिचसाठी.