१६×२ एलसीडीवर देवनागरी अंकांचं घड्याळ: या चुका टाळा

१६ घरांच्या २ ओळी असलेल्या या एलसीडीला चालवणाऱ्या एचडी४४७८० चिपला देवनागरी येत नाही. आपल्या चिन्हांसाठी तिच्यात ६४ बाइटची सीजीरॅम असते: ८ खण, प्रत्येकात ५×८ ठिपक्यांचं एक चित्र. अंक मात्र दहा. आर्डुइनोच्या एलसीडी लायब्ररीत खणात चित्र भरणाऱ्या क्रिएटचार या फंक्शनला ८ आणि ९ हे क्रमांक दिले तर कंपायलर हूं की चूं करत नाही. लायब्ररी त्यातले शेवटचे ३ बिट तेवढे घेते, म्हणून आठचं चित्र ० च्या खणात बसतं आणि नऊचं १ च्या. शून्याच्या जागी ८ दिसू लागला तर दोष वायरिंगमध्ये शोधू नका.

खण अंकाला बांधू नका, जागेला बांधा. तास, मिनिटं, सेकंद मिळून सहा जागा. ० ते ५ हे कोड (म्हणजे खणांचे क्रमांक) त्या जागांवर एकदाच लिहा. पुढे जो अंक बदलेल त्याच्या खणातलं चित्र तेवढं बदला. पडद्यावरचा अंक लगेच बदलतो. पण म्हणूनच एक खण दोन ठिकाणी दाखवला, तर एकाच ठिकाणचं चित्र बदलता येत नाही. उरलेल्या दोन खणांपैकी एकात गजराची घंटा मावते. तिच्या ओळी वरून खाली (प्रत्येक आकडा म्हणजे त्या ओळीतल्या पाच ठिपक्यांचा बायनरी नमुना): ४, १४, १४, १४, ३१, ०, ४, ०. आठवी ओळ शक्यतो रिकामी ठेवा, कर्सरची रेघ तिथेच येते.

मजकूर मधेच गायब होतो? चित्र भरल्यावर चिपचा पत्ता सीजीरॅममध्येच राहतो. पडद्यावरची जागा ठरवणारं सेटकर्सर न करता प्रिंट केलंत, तर ती अक्षरं पडद्याऐवजी पुढच्या खणात जातात आणि तिथलं चित्र बिघडवतात. क्रिएटचारनंतर सेटकर्सर, ही सवयच लावून घ्या.

प्रिंट(३) म्हटलं की साधा इंग्रजी ३ उमटतो; खणातलं चित्र हवं तर राइट वापरा. राइट(०) वर कंपायलर अडतो, तिथे राइट(बाइट(०)) लिहा. स्ट्रिंगमध्ये कोड ० घातला तर स्ट्रिंग तिथेच संपते. त्याऐवजी ८ घाला, कारण ८ ते १५ या कोडांवर तेच आठ खण पुन्हा दिसतात.

प्रोग्रॅममध्ये थेट "५" अशी स्ट्रिंग टाइप करून प्रिंट केलं तर यूटीएफ-८ चे (अक्षरं साठवायच्या पद्धतीचे) तीन बाइट जातात आणि तीन भलतीच चिन्हं उमटतात. अंशाच्या खुणेचंही तसंच, फक्त तिचे बाइट दोन. चिपमध्ये ए०० रॉम, म्हणजे जपानी अक्षरं असलेला कायमचा अक्षरसंच, असेल तर ती २२३ या कोडवर तयार मिळते, खण खर्चू नका.

देवनागरी शब्दांच्या वाटेला मात्र जाऊ नका. दोन घरांमध्ये रिकामी फट असते, शिरोरेघ तुटतेच.

आणि पडद्यावर फक्त वरच्या ओळीत भरीव चौकोन दिसत असतील, तर चित्रांचा संबंधच नाही: डिस्प्ले सुरूच झालेला नाही. एलसीडीच्या मागे आयटूसी बोर्ड (दोन तारांवर संदेश नेणारा जोडबोर्ड) असेल तर आधी पत्ता पाहा, बहुधा ०x२७ किंवा ०x३एफ. काहीच दिसत नसेल तर ३ नंबरच्या पिनचा, कॉन्ट्रास्ट ठरवणारा १० किलोओमचा प्रीसेट (फिरवायचा रोधक) हळूहळू फिरवा.