साइड-बाय-साइडला घरच्या घरी बंद केबिन कशी बसवायची

अमेरिकेत उत्तर मिनेसोटात राहणाऱ्या, साइड-बाय-साइड नावाची उघडी गाडी असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, कॅनडात कुणाकडे अशी गाडी असेल तर त्यालाही चालेल. इथे उणे 20 सेल्सिअसला कुणी थंडी म्हणत नाही, पण त्या हवेत उघडी गाडी ताशी 40 किमीने हाकलीत की तोंडाला ते उणे 34 लागतं, बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी, कारण वारा तुम्हीच तयार करत असता. म्हणजे निम्मं काम नुसता वारा अडवला की होतं, हीटर नंतर. कंपनीची तयार केबिन हजारो डॉलरला पडते म्हणून मी दोन वर्षं खटपट करून घरी केली, त्यातलं एक वर्ष चुकांचं.

हे फक्त साइड-बाय-साइडसाठी आहे, म्हणजे स्टीअरिंग, शेजारी शेजारी सीट आणि डोक्यावर रोल केज, म्हणजे पाइपांचा संरक्षक सांगाडा, असलेली गाडी. टांग टाकून बसायच्या चारचाकी एटीव्हीवर असला डबा बांधू नका. ती वळताना अंग टाकून सांभाळावी लागते, डब्यात अंग टाकणार कुठे, आणि वर वजन वाढलं की उतारावर कलंडलीच समजा.

रोल केजला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर अजिबात नाही, गाडी उलटली तर तोच तुमचा जीव वाचवणार आहे. सगळं रबर लावलेल्या क्लॅम्पने धरायचं. दाराच्या चौकटीला एक इंची चौकोनी पाइप पुरतो.

माप पुठ्ठ्यावर घ्या, शिंपी आधी कागद बेततो तसं. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका आणायचा, प्रत्येक बाजूचा पुठ्ठा कापून टेपने केजवर चिकटवायचा आणि मग आत बसून बघायचं. बसताना स्नो पँट, जाड जॅकेट, बूट, हातमोजे सगळं चढवून बसा बरं का. मी ऑक्टोबरात टी-शर्टवर माप घेतलं, एकदम झकास बसलं, आणि डिसेंबरात जॅकेट घातल्यावर डावं कोपर दाराला टेकायला लागलं, स्टीअरिंग पूर्ण फिरेना, दार परत कापावं लागलं.

काचेसाठी पॉलीकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिकच घ्या, समोर 6 मिमी आणि बाजूंना 3 मिमी. अॅक्रिलिक स्वस्त पडतं म्हणून मी पहिल्या वर्षी तेच लावलं होतं आणि थंडीत एका फांदीचा फटका काय बसला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. पॉलीकार्बोनेट मार खातं पण त्याचे नखरे आहेत. एक तर ते थंडीत आकसतं, 1.2 मीटरची शीट अधिक 30 वरून उणे 30 ला गेली की जवळजवळ 5 मिमी लहान होते, म्हणून 6 च्या बोल्टला 10 चं भोक पाडा, मोठा रबरी वॉशर घाला आणि करकचून आवळू नका. दुसरं म्हणजे नट सुटू नये म्हणून जे थ्रेडलॉकर लावतात ते इथे चालत नाही, त्याने बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात, त्यापेक्षा नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, वापरा. अमोनियावाला काचेचा स्प्रे पण नको, साबणपाणी बास. वायपर लावायचा असेल तर समोरची शीट हार्ड कोटिंगवाली घ्या, नायतर एका सीझनमध्ये चरे पडून समोरून लाइट आला की काही दिसत नाही. कापताना वरची फिल्म काढू नका, जिगसॉला बारीक दातांचं पातं लावा.

आता क्रम. सगळे आधी समोरची काच लावतात आणि तेवढ्यावर गाडी काढतात, मग मागून भुरभुर बर्फ मानेवर यायला लागतो. समोर काच आली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडी मागची हवा आत ओढते, त्यात बर्फ आला, धूळ आली, सायलेन्सरचा धूरही आला. म्हणून मागचा पॅनल आधी, किंवा दोन्ही एकाच दिवशी.

धुराचं हलक्यात घेऊ नका, त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) ना रंग ना वास. बऱ्याच गाड्यांचं इंजिन सीटच्या मागे किंवा खाली असतं, तिथली केबलची भोकं, फटी सगळ्या बुजवा. फट शोधायला मी उदबत्ती वापरतो, गाडी बाहेर मोकळ्यावर उभी करून इंजिन चालू करायचं आणि सांध्यासांध्यावरून उदबत्ती फिरवायची, धूर वाकला तिथे फट. बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म आत लावाच.

हीटर कूलंटवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवावर, चालणारा घ्या, इंजिनच्या गरम नळीला टी आकाराचा सांधा मारून जोडायचा. इंजिन गार असताना जोडा आणि लायनीतली हवा नीट काढा, हवा राहिली तर हीटर थंड आणि इंजिन तापलेलं असा उलटा कारभार होतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. आत प्रोपेनची शेगडी पेटवायचा मोह आवरा, ती ऑक्सिजन खाते आणि एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन काचेवर बसतं. तसाही तुमचा श्वास आणि कपड्यांवरचा बर्फ मिळून काच धुकट करतातच, म्हणून हीटरची एक नळी थेट समोरच्या काचेवर सोडा आणि मागे वरच्या बाजूला उघडझाप होणारी एक खिडकी ठेवा. पूर्ण हवाबंद केबिन म्हणजे आंधळी केबिन. पंखा, लाइट, बर्फ ढकलायचा नांगर उचलणारी विंच सगळं एकदम चालवून बॅटरीवर मीटर लावून बघा, 13 व्होल्टच्या खाली रेंगाळत असेल तर काहीतरी कमी करा.

दाराची कडी आतून, जाड हातमोज्यासकट, एका झटक्यात उघडली पाहिजे. बिजागऱ्या वर उचलून दार निघेल अशा घ्या. कारण गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जाताना मी दारं काढूनच जातो. मिनेसोटाचं डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, अशा गाडीला तळ्यावर किमान 7 ते 8 इंच जाडीचा नवा, स्वच्छ बर्फ सांगतं, पण गाडी खाली गेलीच तर बंद दार पाण्याच्या दाबाने उघडत नाही.

पहिल्या फेरीनंतर सगळे क्लॅम्प परत तपासा, हमखास ढिले झालेले असतात. एप्रिलमध्ये काचा उतरवताना मार्करने डावी-उजवी लिहून ठेवा आणि एकमेकींवर तशाच रचू नका, चरे पडतात. मी मध्ये जुन्या सुती साड्या घालतो.