सोलापूरहून आयमॅक्ससाठी पुणे गाठायचे असेल तर

सोलापूर, लातूर किंवा धाराशिवच्या प्रेक्षकाला आयमॅक्सचा, म्हणजे खास भव्य पडद्यावरचा, एक खेळ केवळ तिकिटाच्या पैशांत पडत नाही. त्यात जाण्यायेण्याचे भाडे, बाहेरचे जेवण आणि एक सबंध दिवस मोजावा लागतो. म्हणूनच चित्रपटाची निवड त्याने पुणेकरापेक्षा अधिक चोखंदळपणे करावी.

सर्वप्रथम, चित्रपटातील काही दृश्ये आयमॅक्सच्या उंच चौकटीसाठी चित्रित केली आहेत की चित्रपट केवळ मोठ्या पडद्यावर दाखवला जाणार आहे, हे शोधावे. नेहमीच्या रुंद चित्रपटाच्या चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण २.३९:१ असते आणि डिजिटल आयमॅक्सचे १.९०:१, म्हणजे रुंदी तेवढीच राहून चित्र सुमारे २६ टक्के अधिक उंच होते. संपूर्ण चित्रपट रुंद चौकटीतच असेल, तर आयमॅक्सच्या पडद्यावरही वर-खाली काळ्या पट्ट्याच दिसतात. तेवढ्यासाठी मी तरी पहाटे उठून गाडी पकडणार नाही.

काळोखातील दृश्ये अधिक असतील तर पुण्यातच खराडीच्या सिटी प्राइडमधील डॉल्बी सिनेमाचा, म्हणजे डॉल्बी कंपनीच्या चित्र-ध्वनी तंत्राच्या सभागृहाचा, विचार करावा. २०२५ मध्ये सुरू झालेले हे भारतातील पहिले डॉल्बी सिनेमागृह आहे आणि तेथे काळा रंग करडा न दिसता खरोखरच काळा दिसतो.

हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूरहून निघून साडेदहाच्या आसपास पुण्यात पोहोचते आणि परतीची गाडी संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते. त्यामुळे बाराच्या आसपासचा खेळ निवडावा. तीन तासांचा चित्रपट, जाहिराती आणि मध्यंतर धरून तो साडेतीनपर्यंत संपतो आणि वाहतूक तुंबली तरी स्थानक गाठता येते. तीनचा खेळ घेतल्यास परतीची गाडी हमखास चुकते. वेळापत्रक बदलते, म्हणून रेल्वेचे आरक्षण आधी करावे आणि मगच चित्रपटाचे तिकीट काढावे.

दिवस पहिल्या आठवड्यातलाच ठरवावा. एका संकुलात आयमॅक्सचा पडदा बहुधा एकच असतो आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा मोठा चित्रपट आला की आधीचा साध्या पडद्यावर हलवला जातो. आरक्षण करताना केवळ सिनेमागृहाचे नाव न पाहता, खेळाच्या वेळेशेजारी आयमॅक्स असे लिहिले आहे का, तेही पाहावे. आसन मधल्या रांगांच्या थोडे मागे आणि मध्यभागी घ्यावे, कारण पुढच्या रांगांत मान अवघडते.

मोठा पडदा मोठ्या शहरातच असतो असे मात्र नाही. आंध्र प्रदेशातील सुळ्ळुरुपेटासारख्या छोट्या गावी २०१९ मध्ये सुमारे शंभर फूट रुंदीचा पडदा उभा राहिला. आपल्याकडे तसे काही नसले, तरी जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये डॉल्बी ॲटमॉस ध्वनिव्यवस्थेचे एखादे सभागृह असू शकते. मात्र प्रत्येक खेळ त्याच सभागृहात लागेल असे नसते, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर तेवढे विचारून घ्यावे.