गावाकडं सौर प्रकल्प येतोय? मुंबईत सही करण्याआधी एवढं करा

मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या ग्रामस्थ मंडळाची मी चिटणीस. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, बैठका लालबागच्या गाळ्यात. हल्ली प्रत्येक बैठकीत एक विषय हटकून निघतो: सौर प्रकल्पवाले जमीन मागतायत, काय करायचं? दुसऱ्या गावांची मंडळंही फोन करून हेच विचारतात. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

आधी माझं मत. सौर विजेला माझा विरोध नाही. रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत पिकाला पाणी पाजायला, दारं धरायला जाणं काय असतं, ते मी माझ्या भावाच्या घरी पाहिलंय. शेतीपंपाला दिवसा वीज हवीच. माझा विरोध आहे तो पिकती जमीन आणि गायरान, म्हणजे गावाची चराईची जमीन, सगळ्यात आधी उचलण्याला. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. पाच मेगावॅटचा प्रकल्प म्हणजे वीस-पंचवीस एकर कुंपणाआड गेले. तिथं कुणाचा शाळू होता, कुणाची मेंढरं चरत होती, हे विचारणाऱ्याला विकासाच्या आड येणारा म्हणतात. म्हणून विरोध करायचा तो कागदावर, तारीख-वार घालून.

मुंबईत सही करायची नाही

हा माझा पहिला आणि सगळ्यात कडक नियम. सातबारा सामाईक असतो; त्यावर आजोबांच्या चार मुलांचे वारस, म्हणजे वीस-बावीस नावं. कसणारा एक, बाकीचे परळ, घाटकोपर, कोपरखैरणे, डोंबिवलीत. कंपनीच्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. तो गावातल्या कसणाऱ्याकडं शेवटी जातो, आधी इथं येतो. चहा होतो, ‘पडीकच आहे ना ती जमीन’ असं म्हणतो आणि संमतीपत्र पुढं करतो. इथल्या माणसाला वर्षाला चार पैसे सुटताना दिसतात. पण त्याच सहीनं गावातल्या चुलतभावाचं रोजचं काम, बैलांची वैरण आणि घरची ज्वारी जाते. कसणारा ‘हो’ म्हणेपर्यंत बाकीच्यांनी पेन उघडायचं नाही, एवढा ठराव तरी मंडळात करून घ्या.

बायकांना वेगळं सांगते. जमिनीचा व्यवहार सोपा व्हावा म्हणून आधी बहिणींकडून हक्कसोडपत्र मागतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे गं ताई’ असं सांगून कागद आला, तर तो घरी ठेवून घ्या, वकिलाला दाखवा आणि भावाशी समोरासमोर बोला.

घरबसल्या कागद बघा

डिजिटल सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. त्यात तीन जागा बघायच्या. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटी घातलेली जमीन) असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. इतर अधिकारात सोसायटीचा बोजा, भाडेपट्टा किंवा एखादं अनोळखी नाव आलंय का, ते तपासा. आणि पिकांच्या रकान्यात काय आहे, ते बघा. ‘पड’ लागली असेल तर तोच रकाना उद्या तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते, पण फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. मुंबईतून जमत नाही. गावातल्या पोराला फोन करा आणि प्रत्येक हंगामात नोंद झाली की नाही ते विचारत राहा.

फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याच्या, नोटिसा ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. नोटीस निघाल्यापासून हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ही मुदत फार पटकन जाते, म्हणून आमच्याकडं एका मुलाला दर रविवारी ती पाहायचं काम दिलंय.

ग्रामसभेत कोण बोलणार?

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. तुमचं मतदान मुंबईत असेल, तर तुम्ही खातेदार म्हणून लेखी हरकत देऊ शकता. हात वर करू शकत नाही. त्यामुळं गावातल्या माणसांना, विशेषतः बायकांना, सभेला आणणं हेच खरं काम. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी संख्या पुरते. शंभर माणसांत ठराव होऊन जातो, हे लक्षात ठेवा. सभेची नोटीस कधी लागली, विषयपत्रिकेत प्रकल्पाचं नाव होतं की ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून घुसवलं, ते बघा. सभा संपल्यावर इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागा.

पर्यावरणाच्या जनसुनावणीची वाट बघत बसू नका. २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी सौर पॅनेलच्या प्रकल्पांना लागत नाही, त्यामुळं ती सुनावणीही होत नाही. गावाला बोलायची मोठी जागा उरते ती ग्रामसभाच.

गायरानाचा पंचनामा कुठल्या महिन्यात झाला?

हे कुणी विचारत नाही आणि सगळी मेख इथंच असते. आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. माघ-फाल्गुनात कुणी गायरानावर उभं राहिलं तर त्याला दिसतात कुसळं, दगड आणि एखादं बोरीचं झाड. पंचनाम्यात लिहिलं जातं ‘मोकळी जागा, वापर नाही’. तीच जागा श्रावणात बघा: मेंढपाळांचे चार-पाच वाडे उतरलेले, वाघरी म्हणजे जाळ्या लावलेल्या, कोकरं आत, म्हातारी माणसं घोंगडं पांघरून राखणीला. पावसाळ्याचे हे फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि हरकतीला जोडा. पंचनाम्याच्या वेळी मेंढपाळ हजर होते का, त्यांची नावं लिहिली का, हे लेखी विचारा.

मराठवाड्यातल्या गावांना आणखी एक सांगणं. गायरान कसणारी दलित आणि पारधी कुटुंबं असतील, तर त्यांचे जुने दंडाचे कागद, पंचनामे, पीकपाण्याच्या नोंदी सगळ्यात आधी गोळा करा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय आहे. गावाचा विरोध म्हणताना या घरांना मागं ठेवलं, तर तो गावाचा विरोध नव्हेच. कायद्याचा आधारही आहे: सार्वजनिक गावजमिनींवरचे कब्जे हटवताना सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जगपाल सिंग निकालात भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेले पट्टे आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी यांचा अपवाद ठेवला. त्याच निकालात गावाच्या सामाईक जमिनी गावासाठीच राहाव्यात, असा रोख आहे. हरकतीत त्याचा उल्लेख करा.

जमीन संपादनाची असेल, तर मोजणीच्या दिवशी घरचं माणूस जागेवर पाहिजेच. विहीर, पाइपलाइन, झाडं एकेक मोजून लिहून घ्या आणि सही त्यानंतरच करा. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली. पाच एकरांना चार लाखांच्या आसपास मोबदला मिळाला आणि तो अन्यायाचा आहे म्हणून ते वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला, चौऱ्याऐंशीच्या वयात, त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. २८ तारखेला जे.जे.मध्ये ते गेले. मंत्रालयात अर्ज घेऊन जाताना मला ते दरवेळी आठवतात. मोजणीच्या कागदावर न आलेलं झाड पुढं कुणीच मोजत नाही.

माहितीचा अर्ज असा लिहा

महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. फी दहा रुपये, ऑनलाइनही करता येतो. आम्ही वापरतो तो मजकूर:

‘मौजे ____ येथील गट क्र. ____ ही जमीन सौर ऊर्जा प्रकल्पासाठी देण्याबाबतच्या प्रकरणातील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) मागणी अर्ज व नकाशा. २) स्थळपाहणी पंचनामा, तारखेसह. ३) ग्रामसभेची नोटीस, विषयपत्रिका, उपस्थितीपट व ठराव. ४) पर्यायी जागांचा विचार झाला असल्यास त्याची टिपणी. ५) आजवर आलेल्या हरकती व त्यांवरील निर्णय.’

चौथा मुद्दा कधीही गाळू नका. पर्यायी जागा बघितलीच नाही, हे सरकारी कागदावर आलं की हरकतीला वजन येतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

बैठकीत एखादा विचारतोच, ‘मग वीज कुठून आणायची?’ त्याला आधी त्याच्या सोसायटीची गच्ची दाखवा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागं १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पाण्याचा पंप त्यावर चालतो. मुंबईकरानं हे आपल्या इमारतीत करावं आणि मग गावात बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

कसणाऱ्यालाच द्यायची असेल तर

तेही होतं. पाऊस नाही, मुलं शहरात, जमीन खरोखर माळाची. मग त्याला अडवू नका, करार नीट करून द्या. शेतीपंपाला दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. त्याखाली जाऊ नका. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणं तीन वर्षं मिळतात, ते कुठं खर्च होणार हे ग्रामसभेत ठरवून घ्या. करार नोंदणीकृतच हवा. जमीन गहाण टाकायचा अधिकार कंपनीला नको. मुदत संपल्यावर पॅनेल आणि सिमेंटचे पाये कुणी काढायचे, त्याची रक्कम आजच कुठं जमा ठेवायची, हे लिहून घ्या. पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार, तेही. कर्नाटकातल्या पावगडच्या मोठ्या सौर प्रकल्पात शेतकऱ्यांना एकरी भाडं मिळालं, पण ज्यांची जमीनच नव्हती त्या शेतमजुरांचं काम गेलं. म्हणून गावातल्या किती माणसांना काम देणार, याचा आकडा करारात घाला; तोंडी आश्वासन घेऊ नका.

आणि कुंपणाची आखणी दोरी लावताना जाऊन बघा. पाणंद त्यात गेली की मागच्या दहा शेतांची वाट बंद होते. तसं झालं तर रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा लावा. सोबत गावनकाशाची नक्कल आणि त्या वाटेनं बैलगाडी नेणाऱ्या सगळ्या खातेदारांच्या सह्या जोडा.