अभयारण्यातील जमिनीचा वनदावा कसा तयार करावा

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्यातल्या यावल अभयारण्यातील एखाद्या पाड्यावर वनदाव्यांचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर कायद्याने हक्क मागण्याचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आपली जमीन अभयारण्यात आहे, आपला दावा कुठून चालणार?’ हा समज इतका खोल रुजला आहे की काही कुटुंबांनी अर्जच भरला नाही, म्हणून सुरुवात तिथूनच केली पाहिजे. वनहक्क कायदा, २००६ मध्ये वनजमिनीची जी व्याख्या आहे, तिच्यात राखीव व संरक्षित वनांबरोबर अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ साली. पण त्या घोषणेमुळे आत राहणाऱ्या पावरा, भिल्ल किंवा तडवी कुटुंबाचा दावा करण्याचा अधिकार संपत नाही.

पात्रतेचे नियम थोडक्यात सांगता येतात. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाची वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असली पाहिजे. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीचे ७५ वर्षांचे, म्हणजे तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. प्रत्यक्ष कसत असलेली जमीनच मिळते आणि तिची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे. हक्क वारसाने पुढे जातो, मात्र जमीन विकता येत नाही. पती-पत्नी दोघांचीही नावे लागावीत असे कायदाच सांगतो, तरीही पुष्कळ अर्जांत फक्त पुरुषाचे नाव आढळते. ते अर्ज भरतानाच दुरुस्त करावे, कारण नवरा वारल्यानंतर नाव लावून घेण्यासाठी बाईला कचेरीचे किती हेलपाटे घालावे लागतात, ते मी पाहिले आहे.

दाव्याची खरी सुरुवात ग्रामसभेतून होते. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा भरू शकते, त्यामुळे दहा-बारा किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीच्या गावी जाण्याची वाट पाहू नये. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दावे मंजूर करणाऱ्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. ठरावाखालच्या सह्या आणि अंगठे मोजून घ्यावेत, कारण गणपूर्तीत खोट निघाली तर अख्ख्या पाड्याच्या फायली परत येतात.

आता पुराव्यांकडे वळू. नियमानुसार किमान दोन पुरावे जोडावे लागतात आणि येथेच लोक उगीच घाबरतात. मतदारयादी, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती हे तर चालतेच, पण सातपुड्यात सर्वांत भक्कम कागद बहुधा तोच असतो, जो लोक लाजेने लपवून ठेवतात. एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्यासमोर पत्र्याची डबी उघडली, तेव्हा घडीवर फाटलेली एक दंडाची पावती त्यांनी शेवटी, सगळ्यांच्या खालून काढली. तिच्यावर त्यांचे नाव, कंपार्टमेंट नंबर (वनखंडाचा क्रमांक) आणि ‘बेकायदा नांगरट’ असा शेरा होता. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवले होते, तोच त्या जागेवरच्या त्यांच्या जुन्या वहिवाटीचा सरकारी दाखला ठरला. म्हणून दंडाच्या पावत्या, पीओआरच्या (वनगुन्ह्याच्या प्राथमिक अहवालाच्या) नकला, जप्त केलेल्या नांगराचा पंचनामा, जे असेल ते जपून जोडावे. कागदच नसेल तर जमीन बोलते : दगडी बांध, सपाट केलेले खाचर, विहीर, घराचा जुना चौथरा, वडिलांनी लावलेला आंबा, या सगळ्या खुणांना पुरावा म्हणून मान्यता आहे. वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, मात्र तो माणूस स्वतः दावेदार नसावा. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार असे चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, ते त्यांची जागा घेऊ शकत नाही.

स्थळपाहणीचा दिवस मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. वनविभाग आणि महसूल विभाग या दोघांनाही लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी. त्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून पंचनाम्यावर हुद्दा व तारखेसह सही करायची असते. आपला माणूस हजर नव्हता अशी हरकत विभागाने नंतर घेतली, तर फेरपाहणी होते. तिलाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. पोच नसेल तर हे संरक्षण हातचे जाते. पाहणी शक्यतो होळीच्या सुमारास ठेवावी, कारण ऊसतोडीला गेलेली माणसे तेव्हा परतलेली असतात, शेते मोकळी असतात आणि बांध स्पष्ट दिसतात. जीपीएस घेऊन चालणाऱ्याबरोबर दावेदाराने स्वतः हद्दीवरून चालावे. खळे, गुरे बांधण्याची जागा आणि पडीक ठेवलेला तुकडा यांचीही मोजणी करून घ्यावी, कारण शेतीला जोडून वापरली जाणारी अशी जमीन ४ हेक्टरच्या मर्यादेत दाव्यात धरता येते.

वैयक्तिक दाव्याच्या नमुना अ सोबत गावाने नमुना ब आणि नमुना क सुद्धा भरावेत, असा माझा आग्रह आहे. वैयक्तिक पट्ट्याने शेत मिळते, पण चराई, पाणवठा, मोह, चारोळी आणि तेंदूपत्ता मिळत नाही. ते नमुना ब मधून मागावे लागते. जंगलाची राखण आणि व्यवस्थापन यांचा हक्क नमुना क मधून येतो. त्यासाठी नाले, डोंगराची धार, वाघदेवाचा दगड अशा खुणांनी पारंपरिक हद्द नकाशावर उतरवावी आणि शेजारच्या पाड्याशी आधीच बोलून घ्यावे. वन्यजीव आणि पाणलोट जपण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. ज्या गावाने देवराईतले एकही झाड तुटू दिले नाही, त्या गावाने हा अधिकार मागितलाच पाहिजे.

मध्येच कोणी पुनर्वसनाचा कागद घेऊन आले, तर घाईने अंगठा देऊ नये. दावा मान्य करण्याची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ताब्यातून हटवता येत नाही. वन्यजीवांसाठी संकटग्रस्त अधिवास ठरवून हक्क बदलायचे असतील, तर माणसांचे आणि वन्यजीवांचे सहजीवन शक्य नाही हे सिद्ध करावे लागते आणि ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण, लेखी संमतीही घ्यावी लागते.

दावा नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे पुढील ६० दिवसांत अपील करता येते. २०२० सालापासून राज्यातील अनुसूचित क्षेत्रांत त्याही वर विभागीय समितीकडे दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता, पण २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्यामुळे नामंजूर झालेली जुनी फाईल रद्दीत टाकू नये.

प्रमाणपत्र हाती पडले की समारंभाच्या गडबडीत ते तसेच घडी घालून ठेवू नये. तिथेच उभे राहून क्षेत्र, कंपार्टमेंट नंबर, चतुःसीमा आणि दोघांची नावे पंचनाम्याच्या प्रतीशी ताडून पाहावीत, आणि फरक दिसला तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.